एक्स्चेंज स्टुडंटला क्लबच्या मीटिंगला बोलवताय? मग तयारी अशी करा

रोटरी युथ एक्स्चेंजमधनं (रोटरी क्लबांमार्फत परदेशात राहून शिकायची योजना) कोल्हापुरात आलेल्या पोराला नाहीतर पोरीला क्लबच्या वीकली मीटिंगला बोलायला बोलवायचं ठरलं की बऱ्याचदा काय होतं बघा, स्टेजवर बसवतात, फेटा बांधतात, शाल-श्रीफळ होतं, मग प्रेसिडेंटचं भाषण, सेक्रेटरीच्या अनाउन्समेंट, सगळ्यांचे वाढदिवस, आणि ज्याला ऐकायला लोक आलेत त्याच्या वाट्याला शेवटची सात-आठ मिनिटं राहतात, तोवर मागच्या रांगेचं लक्ष जेवणाकडं गेलेलं असतं. ते लेकरू सोळा-सतरा वर्षांचं, आईबापाला सोडून एवढ्या लांब आलेलं, आणि आपण त्याला फक्त फोटोपुरतं उभं करायचं हे मला अजिबात पटत नाही. त्याला नीट बोलता यावं आणि आपल्याला नीट ऐकता यावं म्हणून काय काय करायचं ते लिहितोय.

तारीख ठरवताना थेट पोराला मेसेज टाकू नका, आधी त्याच्या काउन्सेलरशी बोला. प्रत्येक एक्स्चेंज स्टुडंटला होस्ट क्लबमधला, म्हणजे त्याला इथं बोलवणाऱ्या क्लबमधला, एक काउन्सेलर असतो. तो होस्ट फॅमिलीतला, म्हणजे स्टुडंट ज्यांच्या घरी राहतो त्यांच्यातला नसतो, पण कॉलेज, परीक्षा, घर बदलायची तारीख हे सगळं त्याला माहीत असतं. वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये स्टुडंट एकापेक्षा जास्त घरांत राहतो, घर बदलायच्या आठवड्यात भाषण ठेवलं तर बॅगा भरायच्या का बोलायचं अशी त्याची पंचाईत होते. आणि आल्या आल्या पण बोलवू नका, दोन-तीन महिने जाऊ देत, रस्ते कळू देत, रश्श्याची सवय होऊ दे, मग त्याच्याकडं सांगायला स्वतःचं काहीतरी असतं.

भाषणाचा विषय "माझा देश" असा दिला की लोकसंख्या, राजधानी, झेंडा आणि नेटवरनं उचललेले वीस फोटो येणार हे ठरलेलं. त्यापेक्षा त्याला तीन प्रश्न आधी लिहून द्या. तुझ्या घरी साध्या मंगळवारी सकाळपासनं रात्रीपर्यंत काय काय होतं? कोल्हापुरात आल्यावर कुठली गोष्ट आधी विचित्र वाटली आणि आता वाटत नाही? इथल्या घरात तू काय शिकलास/शिकलीस? एवढ्यावर वीस मिनिटं आरामात निघतात, आणि फोटो त्याच्या घरातले, गल्लीतले, आजीचे मागा, लोकांना तेच बघायचं असतं.

भाषणाच्या आधी एखाद्या रविवारी त्याला गाव दाखवा. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा हे होस्ट फॅमिली दाखवतेच, तुम्ही दसरा चौकात न्या आणि तिथली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं दाखवा. 1901 साली शाहू महाराजांच्या काळात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं होत गेली, आणि खेड्यापाड्यातली पोरं या गावात राहून शिकली. परक्या गावात शिकायला आलेल्या पोराला हे सांगितलं की त्याला ते लगेच कळतं, कारण तो पण तसाच आलेला असतो, आणि मग भाषणात कोल्हापूरबद्दल तांबड्या रश्श्याच्या पुढचं काहीतरी येतं.

भाषेचं पण बघावं लागतं. फॉरेनर म्हणजे फाडफाड इंग्लिश असा आपला समज, पण ब्राझीलचं पोरगं पोर्तुगीज बोलतं, तैवानचं मँडरिन, इंग्लिश त्याला पण आपल्यासारखीच शाळेत शिकलेली. म्हणून जेवढं सावकाश तो बोलतो तेवढंच सावकाश आपण विचारायचं. आणि आपले निम्मे मेंबर इंग्लिशमध्ये विचारायला संकोचतात, त्यांना सरळ मराठीत विचारू देत, एका मेंबरला भाषांतराला बसवा. सुरुवातीची दोन वाक्यं त्याला मराठीत बोलायची असली तर जरूर बोलू दे, पण घरी सराव झालेला असू दे, अचानक "मराठीत बोल की जरा" असं स्टेजवर म्हणू नका, पोरगं कानकोंडं होतं.

वेळेचं गणित सोपं आहे. मीटिंग एक तासाची धरली तर सुरुवातीचं सगळं पंधरा मिनिटांत उरका, सत्कार आणि दोन मिनिटांची ओळख त्यातच. मग वीस मिनिटं त्याची, पंधरा मिनिटं प्रश्नांची, आणि राहिलेल्या दहात आभार आणि दोन्ही क्लबांच्या बॅनरची अदलाबदल. प्रश्नात "इंडिया आवडला का" असलं विचारू नका, तो बिचारा हो म्हणणार आणि विषय संपला.

चहाच्या वेळी त्याचा ब्लेझर बघा. या पोरांच्या ब्लेझरवर पिना असतात, दुसऱ्या देशांच्या स्टुडंटबरोबर अदलाबदल करून जमवलेल्या, कुठं झेंडा, कुठं बिल्ला, कुठं शहराचं नाव, काही तर बाहीपर्यंत गेलेल्या. "ही कुणी दिली?" एवढं विचारलं की माइकसमोर अडखळणारं पोरगं दहा मिनिटं थांबत नाही. आपल्या क्लबची पिन खिशात ठेवा आणि तिथंच लावा.

इंटरॅक्टची (रोटरीच्या शाळकरी मुलांच्या क्लबची) पोरं आणि ज्यांना स्वतःला एक्स्चेंजला जायचंय अशी पंधरा वर्षांवरची मुलं पालकांसकट बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा. आईबापांचे प्रश्न वेगळे असतात, आजारी पडलं तर कोण बघतं, घरची आठवण आली तर काय करतोस, आणि त्यांची उत्तरं माहितीपत्रकापेक्षा या पोराकडनं ऐकलेली कधीही चांगली.

काही गोष्टींत मात्र ढिलाई नको. एक्स्चेंज स्टुडंटला गाडी चालवायला परवानगी नसते, दारू तर नाहीच, त्यामुळं प्रेमानं सुद्धा "घे माझी बुलेट, रंकाळ्याला एक चक्कर मारून ये" असं म्हणू नका, नियम मोडला तर त्याला घरी परत पाठवू शकतात. रात्री एकट्या मेंबरनं सोडायला जाऊ नये, होस्ट फॅमिलीला मीटिंगलाच बोलवा, येता-जाताचा प्रश्न मिटतो. फोटो टाकायच्या आधी विचारा आणि घराचा पत्ता, कॉलेजची वेळ कुठल्याच ग्रुपवर टाकू नका. जेवणात काय चालतं ते आदल्या दिवशी होस्ट आईला विचारून घ्या, पांढऱ्या रश्श्यात मटणाचं पाणी आणि बऱ्याच घरी काजू असतात, काजूची अ‍ॅलर्जी असली तर ते बघून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन चांगले फोटो आणि चार ओळी त्याच्या देशातल्या क्लबला मेल करा, ज्यांनी त्याला पाठवलंय. तिकडचा क्लब ते आईबापांपर्यंत पोचवतो.