तुर्भे म्हणजे शून्य : पूर्णांक संख्यांसाठी वर्गातला एक खेळ

वर्गात खेळ घेण्यापूर्वी त्याची एक परीक्षा करावी. त्यातून पाठाचा भाग काढून टाकला तरी खेळ तसाच चालत असेल, तर मुलांची करमणूक होईल, पण पाठ शिकवला जाणार नाही. संगीत खुर्चीत बाद झालेल्याला पाढा विचारणे हा असाच प्रकार असून त्यात पाढा ही शिक्षा ठरते. हिशेब केल्याशिवाय सोंगटी हलूच शकत नाही, असा खेळ नवी मुंबईतील सहावी-सातवीच्या वर्गासाठी सहज तयार करता येतो, कारण ठाणे-पनवेल लोकलची स्थानके इथल्या अनेक मुलांना क्रमाने पाठ असतात.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आडवी रेघ ओढून मध्यभागी तुर्भे लिहावे व त्याखाली शून्य मांडावे. ठाण्याच्या दिशेने कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाणे यांना +१ ते +६, तर पनवेलच्या दिशेने जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर आणि मानसरोवर यांना −१ ते −६ असे क्रमांक द्यावेत. पांढरा फासा ठाण्याकडे नेतो, लाल फासा पनवेलकडे. दोन्ही एकदम टाकून, उदाहरणार्थ पांढऱ्यावर ५ आणि लाल फाशावर ३ पडल्यास, (+५) + (−३) = +२ असे वहीत लिहायचे, आपण कोणत्या स्थानकावर पोहोचणार ते सांगायचे आणि मगच सोंगटी हलवायची. उत्तर चुकले तर सोंगटी जागेवरच राहते, आणि शेवटच्या स्थानकापलीकडे नेणारी चाल वाया जाते.

दोन्ही फासे विरुद्ध दिशांना ओढत असल्यामुळे कोणी टोक गाठेपर्यंत थांबल्यास तास संपून जाईल. म्हणून बारा-पंधरा मिनिटांनी डाव थांबवून तुर्भ्यापासून सर्वांत दूर असलेल्याला विजयी ठरवावे. खारघरचा खेळाडू ऐरोलीच्या खेळाडूला हरवतो तेव्हा वाद होतो, आणि तो अवश्य होऊ द्यावा. −५ ही संख्या +४ पेक्षा लहान असूनही शून्यापासून अधिक दूर कशी, हे मुलांना त्या वादातच मांडावे लागते.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पुढच्या बाकावरील मुलांना मागे वळवून चौघांचे गट करावेत. दोघे खेळतील, एक हिशेब लिहील, एक पंच होईल, आणि पुढच्या डावात कामे बदलतील. या खेळाला गुण देऊ नयेत, नाहीतर हुशार मूल सगळ्यांचे हिशेब करून मोकळे होते.

डावानंतर किमान दहा मिनिटे चर्चेसाठी राखावीत, कारण खरे शिकवणे तिथे होते. सोंगटी जागची हलली नाही तेव्हा फाशांवर काय पडले होते, असे विचारल्यास विरुद्ध संख्यांची बेरीज शून्य होते हे मुलांच्याच वह्यांतून निघते. वजाबाकी दुसऱ्या दिवशी घ्यावी. त्यासाठी ‘रद्द’ लिहिलेल्या काही चिठ्ठ्या ठेवाव्यात. चिठ्ठी निघाली की त्या खेळाडूच्या मागील खेळीतील लाल फाशाची चाल परत घ्यायची. रद्द झालेली चाल −३ असेल, तर सोंगटी तीन स्थानके ठाण्याकडे सरकते, आणि −(−३) म्हणजे +३ का, याचे उत्तर पटावर दिसते. तिसऱ्या दिवशी स्थानकांची नावे नसलेली साधी संख्यारेषा फळ्यावर काढून तशीच उदाहरणे सोडवायला द्यावीत.