दाब बदलणाऱ्या चेंबरमध्ये बसताय? या चुका टाळा

या बंद चेंबरमध्ये हवेचा दाब कमी-जास्त करून उंचावर चढल्या-उतरल्यासारखी स्थिती तयार करतात, आणि सरावाला जोड म्हणून लोक त्यात थोडा वेळ बसतात. चेंबरमधून बाहेर पडताना कानाला दडे बसले की बोल मशीनला लागतो. बहुतेकदा चुकते ती वेळ. दाब कमी होताना, म्हणजे ‘वर’ जाताना, कानातली हवा आपसूक बाहेर पडते. त्रास ‘खाली’ येताना होतो. बाहेरचा दाब वाढतो, कानातून घशाकडे जाणारी नळी मिटलेलीच राहते आणि पडदा आत ओढला जातो. ठणका सुरू झाल्यावर नाक दाबून जोर लावला तर नळी उघडत नाहीच, वर कानाला इजा व्हायची भीती.

म्हणून दाब वाढू लागताच, दुखायची वाट न बघता, दर काही सेकंदांनी आवंढा गिळा, जबडा हलवा. तेवढ्याने भागलं नाही तर नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हलकेच फुंका. तरीही दुखलं तर ऑपरेटरला थांबायला सांगा. थोडं परत ‘वर’ जायचं, कान मोकळा झाला की सावकाश खाली. थांबायला सांगायची खूण दार लावण्याआधीच ठरलेली हवी.

सर्दी असेल तर सत्र सरळ पुढे ढकला. नाकात थेंब घालून बसणारे असतात. मध्येच त्यांचा असर ओसरला तर खाली येताना अडकायला होतं. किडलेली दाढही दाब बदलताना ठणकू शकते.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा आकडा खाली जावा म्हणून श्वास रोखू नका. तो तसाही काही सेकंद मागे असतो, आणि गार बोट किंवा नेलपॉलिश असेल तर चुकतो. चक्कर आली, बोलणं अडखळलं, तर आकडा चांगला दिसत असला तरी सत्र थांबवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चेंबरच्या भरवशावर सराव कमी करणं. साधारण 5,500 मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. ऑक्सिजनचं प्रमाण 21 टक्केच राहतं, पण प्रत्येक श्वासात मिळतो अर्धाच. शरीर लगेच धापा टाकून प्रतिसाद देतं, रक्त मात्र इतक्या लवकर बदलत नाही. हिमोग्लोबिन वाढवायला खेळाडू 2,000 ते 2,500 मीटरवर रोज 12 तासांहून जास्त, असे तीन-चार आठवडे काढतात, तेही शरीरात लोह पुरेसं असेल तरच. वीस मिनिटं बसून ते होत नाही.

स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर विमानप्रवासाचाच नियम इथेही पाळा: एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत चेंबरचं नाव काढू नका. दाब उतरताच बुडबुडा फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते.