अंध विद्यार्थ्यासमोर नोटेशनचे सॉफ्टवेअर ठेवण्यापूर्वी

वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाने संगणकाचा पडदा बंद करून आणि माउस दूर ठेवून आठ बारची (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) एक साधी धून स्वतः लिहून, ऐकून, दुरुस्त करून आणि सेव्ह करून पाहावी. कुठे अडायला होते ते असे केल्यावरच कळते. स्क्रीन रीडरने (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) नुसते ‘नोट’ म्हटल्याने भागत नाही. स्वर, सप्तक, कालमूल्य (स्वर किती वेळ टिकतो ते), बारचा क्रमांक आणि त्या बारमधील मात्रा एवढे तरी त्याने थोडक्यात सांगितले पाहिजे. म्युझस्कोर हे नोटेशनचे सॉफ्टवेअर आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ही विनामूल्य जोडी सुरुवातीला पुरेशी आहे. म्युझस्कोरमध्ये एन हे बटण दाबल्यावर लेखन सुरू होते, ए ते जी या अक्षरांनी स्वर उमटतात आणि अंकांनी कालमूल्य ठरते. ही बटणे विद्यार्थ्याला आधीच ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित करून द्यावीत.

अभ्यासाच्या रचना पीडीएफमध्ये देऊ नयेत, कारण त्यातील स्वर स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत. त्या म्युझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे नोटेशनच्या सॉफ्टवेअरला उघडता येणाऱ्या फाइलमध्ये, द्याव्यात. स्कॅन करून रूपांतर केलेली प्रत डोळस जाणकाराने मुळाशी ताडून पाहावी आणि गतीच्या किंवा तीव्रतेच्या खुणा साधा मजकूर म्हणून टंकलेल्या असल्यास त्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या खुणांनी बदलून घ्याव्यात.

सर्वाधिक वेळ मात्र प्रत्येक बारच्या मात्रा जुळवण्यासाठी राखून ठेवावा; याचे कारण ब्रेल संगीतलिपीत आहे. लुई ब्रेल यांच्या 1829 च्या पुस्तकात संगीतलेखनाचाही समावेश होता. आज रूढ असलेल्या ब्रेल संगीतलिपीत सहा बिंदूंपैकी वरचे चार स्वराचे नाव सांगतात आणि खालचे दोन कालमूल्य, त्यामुळे होल नोट (पूर्ण लांबीचा स्वर) आणि तिचा सोळावा भाग यांचे चिन्ह एकच येते व त्यांतला फरक वाचकाला बारमधील एकूण मात्रांच्या संदर्भावरून लावावा लागतो. कागदावर एखादा विराम गाळला गेला तर डोळस वादक ते सहज खपवून घेतो (घ्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा), पण ब्रेल वाचणाऱ्याचा तोच बार कोड्यात पडतो. म्युझस्कोरच्या चौथ्या पिढीतील आवृत्त्यांमधून ब्रेल फाइल काढता येते. तिची पहिली छापील पाने ब्रेल संगीत जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावीत.

स्क्रीन रीडरचे बोलणे आणि वाजणारे संगीत एकमेकांवर आदळू नये म्हणून दोन्हींचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय असावी. बोलण्याचा वेग विद्यार्थ्याने ठरवावा, शिक्षकाने नव्हे. शिक्षकाने ‘इथे’, ‘हा स्वर’ म्हणण्याऐवजी ‘बारा क्रमांकाच्या बारमधील तिसरी मात्रा’ असे म्हणण्याची सवय करावी.

परीक्षा असेल तर उत्तर कोणत्या फाइलमध्ये स्वीकारले जाईल, जादा वेळ किती मिळेल आणि पानाच्या मांडणीला गुण असतील का, हे आधीच लेखी ठरवावे, आणि परीक्षा संपेपर्यंत सॉफ्टवेअर व स्क्रीन रीडर या दोहोंचे आपोआप होणारे अपडेट बंद ठेवावेत.