पेनड्राइव्हवरील इन्स्टॉलरच्या सह्या एकदम तपासण्यासाठी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमच्या टॉवेल कारखान्याच्या कचेरीत हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून संगणकोसंगणकी फिरतात, आणि प्रत्येक फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन डिजिटल सही (फाइल कोणी बनवली याची निर्मात्याने दिलेली खूण) पाहण्यात बराच वेळ जातो. विंडोजमधील पॉवरशेल (आदेश टाइप करून कामे करून घेण्याचे साधन) हे काम एका ओळीत करते.

१. पॉवरशेल उघडून पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जावे.

२. ‘गेट-चाइल्डआयटम’ हा फाइलींची यादी देणारा आदेश ‘रिकर्स’ व ‘फाइल’ या पर्यायांसह (अर्थात रोमन लिपीत) द्यावा, म्हणजे उपफोल्डरही तपासले जातात. पुढे उभी रेघ (|) देऊन सही तपासणारा ‘गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर’ हा आदेश लिहावा.

३. पुन्हा उभी रेघ देऊन ‘व्हेअर-ऑब्जेक्ट’ने ‘स्टेटस’ (सहीची स्थिती) ‘व्हॅलिड’ (वैध) नसलेल्या फाइलीच निवडाव्यात.

यादीत ‘हॅशमिसमॅच’ दिसल्यास सही झाल्यानंतर फाइलमध्ये बदल झालेला आहे, म्हणून ती मुळीच उघडू नये. ‘नॉटसाइन्ड’ म्हणजे केवळ सही नाही, तेव्हा ती फाइल निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून पुन्हा घेणे मला योग्य वाटते. पीडीएफवरील सह्या मात्र या आदेशाने तपासता येत नाहीत.

सावधगिरी एवढीच, की ‘व्हॅलिड’ असलेल्या फाइलचेही ‘साइनरसर्टिफिकेट’ (सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र) उघडून सही करणाऱ्याचे नाव अपेक्षित कंपनीचेच असल्याची खात्री करावी, कारण वैध सही परक्या कंपनीचीही असू शकते.