नेपाळला जाताय? पैशाच्या बाबतीत या चुका टाळा

पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेला निघालेले लोक मला फोन करून पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे, "सध्या रेट काय चाललाय?" सध्या बिध्या काही नाही हो. १९९३ पासून शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी रुपये, तेव्हापासून आजपर्यंत तेच. डॉलर कुठेही जाऊ दे, शेअर बाजार पडू दे नाहीतर चढू दे, हा आकडा हलत नाही, कारण नेपाळ राष्ट्र बँकेने, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेने, त्यांचा रुपया आपल्या रुपयाला बांधून ठेवलाय. निम्म्याहून जास्त व्यापार भारताशी, सीमा उघडी, तर रेट रोज वरखाली झाला तर तिकडच्या व्यापाऱ्यांचं डोकं फिरेल. म्हणजे जगातलं बहुतेक सगळ्यात सोपं चलन बदलायचंय तुम्हाला, आणि तरी दरवर्षी तीच माणसं त्याच चुका करून परत येतात आणि म्हणतात नेपाळमध्ये लुटतात.

पहिली चूक, आणि सगळ्यात महाग: भाव ऐकायचा आणि कुणाचा रुपया हे विचारायचंच नाही. त्यांचाही रुपया, आपलाही रुपया, लिहितात पण दोघं रु. असंच. तिकडे लोक बोलताना आयसी आणि एनसी म्हणतात, आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे, आणि नेपाळीत बोलत असतील तर भारु आणि नेरु. दुकानदार, टॅक्सीवाला, घोडेवाला, सगळ्यांना हे तोंडपाठ असतं. आपल्याला हिंदी येतं, त्यांनाही येतं, त्यामुळे आपण परदेशात आहोत हेच माणूस विसरतो आणि तिथंच फसतो.

आमच्या नात्यातला एक पोरगा आहे, हुशार आहे पण धीर नाही, दोन मिनिटं फोनवर थांबायचं म्हटलं की याला घाम फुटतो. त्याने घरच्या सगळ्यांसाठी पोखऱ्यात हॉटेल फोनवरून ठरवलं. समोरचा म्हणाला तीन हजार रूम, हा म्हणाला ठीक है भैया, आणि घरी सांगून मोकळा की अठराशे पंच्याहत्तरला एसी रूम मिळवली. पाच खोल्या, दोन रात्री. निघायच्या दिवशी सकाळी बिल आलं तीस हजार आयसी, याच्या हिशेबात होते तीस हजार एनसी, म्हणजे आपले १८,७५०. सव्वाअकरा हजारांचा फरक, बाहेर गाडीवाला हॉर्न मारतोय, म्हातारी माणसं बॅगा घेऊन उभी, आणि काउंटरवर भांडण. हॉटेलवाला एकच वाक्य परत परत बोलत होता, "इंडियन पार्टी को हम आयसी में ही बोलते हैं." लेखी काही नाही, मेसेज नाही, मग भांडून काय उपयोग, दिले सगळे. परतीच्या वाटेवर याची बायको याच्याशी बोलत नव्हती हे वेगळं सांगायला नको.

माझी सवय सांगतो. भाव ऐकला की मी लगेच विचारतो, "एनसी ना?" असंच विचारायचं, "आयसी की एनसी" असं नाही, कारण पर्याय दिलात की समोरचा त्याच्या सोयीचा निवडतो. फोनवर ठरवलं असेल तर लगेच मेसेज टाकायचा, इतक्या खोल्या, इतक्या रात्री, एकूण इतके नेपाळी रुपये, आणि त्याचं "हो" आल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवायचा नाही. हे विमानाच्या तिकिटातही होतं बरं का. देशांतर्गत विमानाचं भाडं भारतीयांना बऱ्याचदा आयसीमध्येच सांगतात, ते एनसी समजून स्वस्त वाटून घेऊ नका.

दुसरी चूक. या चुकीवर मी कितीही वेळ बोलू शकतो. जाताना लोक साठ टक्के वाढवतात, शंभरचे एकशे साठ, बरोबर. येताना तेच लोक साठ टक्के कमी करतात! आणि इतक्या आत्मविश्वासाने करतात की बघणाऱ्यालाही वाटावं बरोबर असेल. अहो, एकशे साठमधून साठ टक्के काढले तर चौसष्ट उरतात, शंभर नाही. जाताना साठ मिळवले ते शंभरावर, येताना साठ काढायचे ते एकशे साठमधून, म्हणजे साडेसदतीस टक्के.

यावरून एका ग्रुपमध्ये काय रामायण झालं ते ऐका. हिशेबाला एक रिटायर्ड काका होते, वही एकदम टापटीप, प्रत्येक चहाची नोंद. लोकांनी जमवलेल्या पैशातले ६०,००० त्यांनी तीन-चार ठिकाणी मिळून बदलले होते आणि ते ९६,००० नेपाळी सगळे खर्च झाले. परतताना गोरखपूर स्टेशनवर गाडी लेट, वेळ होता म्हणून हिशेब काढायला बसले. बिलांची बेरीज ९६,०००, वजा साठ टक्के, आले ३८,४००. म्हणजे २१,६०० गायब! मग काय, आधी बॅगा उपसल्या, मग नेपाळच्या गाडीवाल्याचं नाव निघालं, की डिझेलला दिलेले पैसे त्यानेच मधल्यामध्ये खाल्ले असणार, त्याला बक्षीस दिलं ते उगीच दिलं, कुणीतरी त्याला फोनही लावला आणि वाटेल ते बोललं. तो बिचारा तिकडून शपथा घेतोय. मी वही मागितली, ९६,००० ला १.६ ने भागून दाखवलं, ६०,००० बरोबर आले. काका म्हणाले, "पण जाताना साठच टक्के होते ना?" सॉरी म्हणायला गाडीवाल्याला परत फोन कुणी लावला नाही, याचा मला जास्त राग आहे.

तर टक्के विसरा. नेपाळी किंमत निम्मी करा आणि त्या निम्म्याची सव्वापट करा, झालं. हजारचे निम्मे पाचशे, पाचशेची सव्वापट सहाशे पंचवीस. आठशेचे चारशे, चारशेची सव्वापट पाचशे. उलट जायचं असेल तर दीडपट करून वर मूळ रकमेचा दहावा हिस्सा: दोनशेची दीडपट तीनशे, वर वीस, तीनशे वीस. पावकी-दिडकी पाठ केलेल्या आजीला हे एकदा सांगितलं की ती तुमच्या मोबाईलच्या आधी उत्तर देते. ॲप काढून, इंटरनेट शोधून, आकडा टाकून उत्तर येईपर्यंत पुढचं गिऱ्हाईक वस्तू घेऊन गेलेलं असतं.

रेट चांगला आला की बदलू म्हणून थांबणं. वर सांगितलं, परत सांगत नाही.

आधी डॉलर घ्यायचे आणि तिकडे ते मोडायचे. कशाला? दोनदा कमिशन. आपला रुपया तिकडे सरळ बदलून मिळतो.

एकशे साठ हा राष्ट्र बँकेचा खरेदीचा दर आहे, विक्रीचा एकशे साठ रुपये पंधरा पैसे. सोनौली बॉर्डरवरचा टेबल टाकून बसलेला माणूस त्यात स्वतःचं कमिशन कापणारच, तो १.५८ देईल, कुणी १.५५ म्हणेल. तिथं मोबाईलवर १.६ दाखवून वाद घालणारे लोक मला समजत नाहीत. त्याचं दुकान आहे ते. जास्त रक्कम असेल तर पलीकडे भैरहवाला बँकेत जा, पावती घ्या, नाहीतर दोन टेबलं फिरा. पण उतरल्या उतरल्या पहिल्या टेबलावर सगळे पैसे बदलून मोकळे होणारे पण असतात, त्यांना हात जोडले.

मोठ्या नोटा. यावर नीट लक्ष द्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने आपल्या २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर बंदी घातली, फक्त शंभर आणि त्याखालच्या चालू ठेवल्या. त्याआधी २०१६ च्या नोटबंदीत आपल्या पाचशे-हजारच्या जुन्या नोटा तिकडे लोकांकडे आणि बँकांत अडकून पडल्या होत्या, त्यामुळे आपल्या मोठ्या नोटेकडे ते लोक संशयाने बघतात यात त्यांचं काय चुकलं? अलीकडे हे नियम सैल करायच्या हालचाली झाल्यात, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघा, आणि नियम काहीही असो, मी तरी शंभरच्याच गड्ड्या नेतो. जाड होतात, पण कुठेही चालतात.

आता एक चूक जी खिशाची नाही, डोक्याची आहे. "त्यांचा रुपया आपल्यापेक्षा हलका, म्हणजे तिकडे सगळं स्वस्त." असं नसतं. एका रुपयाला दीडपेक्षा जास्त येन मिळतात म्हणून जपान स्वस्त आहे का? काठमांडूत भारतातून गेलेल्या मालावर आपलीच एमआरपी छापलेली असते आणि दुकानदार तिला सरळ १.६ ने गुणतो, कधी वर अजून थोडे लावतो, शिवाय बिलावर १३ टक्के व्हॅट. आपल्याच बिस्किटाचा पुडा तिकडे जास्त आकड्याला घेऊन "स्वस्त पडला" म्हणणारे मी पाहिलेत.

आणि हा आकडा आभाळातून पडलेला नाही. नेपाळी रुपया १९३२ साली आला, त्याआधी चांदीची मोहर चालायची, दोन मोहरांचा एक रुपया धरला. नोटा आल्या १९४५ मध्ये, आणि त्या छापल्या कुठे, तर आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये! तराईच्या, म्हणजे आपल्या सीमेला लागून असलेल्या सपाट भागात तर तेव्हा आपलाच रुपया सर्रास चालायचा, दोन्ही चलनं एकाच बाजारात. राष्ट्र बँक १९५६ ची, आणि १९६० मध्ये त्यांनी पहिल्यांदा शंभराला एकशे साठ असा दर बांधला. मग जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, नेपाळने केलं नाही, आणि दर एकदम शंभराला एकशे एक रुपये पंचवीस पैशांवर आला. पुढच्याच वर्षी त्यांनी पण अवमूल्यन केलं, दर एकशे पस्तीस झाला. १९८५ मध्ये तो एकशे सत्तरपर्यंत गेला आणि शेवटी १९९३ मध्ये फिरून एकशे साठवर आला, तो तिथंच आहे. म्हणून घरातले कुणी आजोबा म्हणाले की "आमच्या वेळी सारखेच होते" तर त्यांना वेड्यात काढू नका, ते बहुतेक १९६६-६७ ला गेले असतील. फक्त त्यांच्या रेटने बजेट करू नका.

भूतानचं वेगळं. तिथला न्गुल्ट्रम आपल्या रुपयाबरोबर एकास एक. दोन्ही देश एका टूरमध्ये करणारे भूतानमध्ये पण १.६ ने भागत बसतात.

नोटा वाचायला आपल्याला त्रास नाही, अक्षर देवनागरीच आहे, सगळ्या नोटांवर एव्हरेस्ट, हजारवर हत्ती, पाचशेवर वाघ, शंभरवर गेंडा. पण हाताने लिहिलेल्या बिलावर त्यांच्या ५, ८, ९ ची वळणं आपल्यापेक्षा वेगळी असतात, तिथं घाई न करता आकडा तोंडाने वदवून घ्या.

एटीएम: तिथली बँक दर वेळी वेगळा चार्ज कापते, वर आपल्या बँकेचा, म्हणून दोन-दोन हजार काढत बसू नका, एकदाच काढा. आणि मशीनने "भारतीय रुपयात कापू का" विचारलं तर नाही म्हणा.

मार्च २०२४ पासून तिकडच्या फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं (हे फोनपे नेपाळचं, आपलं नाही). सोय चांगली आहे, मीही वापरतो. मात्र सगळ्या ॲपवर चालत नाही आणि आधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू करावं लागतं, ते घरीच करून ठेवा. रक्कम नेपाळी रुपयात टाकायची असते आणि खाली आपले किती कापणार ते दिसतं. लोक घाईत स्वतःच भागाकार करून कमी आकडा टाकतात, मग दुकानदार म्हणतो पैसे कमी आले, मग परत स्कॅन. आणि मुक्तिनाथच्या वाटेवर नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही, तिथं रोखच लागते.

शेवटचं, उरलेल्या नेपाळी नोटा बॉर्डर ओलांडायच्या आधी मोडा. नाशिक-पुण्यात बँकेत घेऊन गेलात तर कुणी विचारत नाही. मी पोखरा सोडतानाच पाकिटातले एनसी मोजतो, गाडीचं डिझेल आणि जेवणाचे बाजूला काढतो, आणि बाकीचे भैरहवालाच बदलतो.