उसावरचा लोकरी मावा: पंप काढण्याआधी पान उलटून पाहा

परतीच्या पावसातली ढगाळ, दमट हवा लोकरी माव्याला मानवते. 2002 साली ही कीड सांगली भागात पहिल्यांदा दिसली. वाळवा, पलूस, मिरज, कराड या कृष्णाकाठच्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून एकदा तरी फडात शिरून पाहावे. बांधावरून काही कळत नाही. चार-पाच सऱ्या आत जा. एखादे पान वरून काळे, चिकट दिसले की त्याच्या वरचे पान उलटा. मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पांढरी लोकर दाटलेली असते. बोट फिरवले की पिठासारखी हाताला लागते.

उसाच्या रसात साखर भरपूर, नत्र मात्र जेमतेम. अंगाला लागणारे नत्र मिळवायला मावा गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि नको असलेली साखर चिकट्याच्या रूपाने खालच्या पानावर टाकतो. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी वाढते. बुरशीने पान झाकले की त्याला ऊन मिळत नाही आणि साखर बनणे मंदावते. म्हणजे रस गेला तो गेलाच, वर पानाचे कामही अडले.

युरिया म्हणजे नत्रच; तो जादा पडलेल्या फडात मावा झपाट्याने का वाढतो, तेही यातूनच कळते. आडसालीची (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाची) शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे. यंदाच्या लागणीला 6 ते 8 आठवड्यांचा हप्ता त्यातला 40 टक्के, म्हणजे एकरी साधारण 3 पोती युरिया. शेजाऱ्याचा ऊस गर्द हिरवा दिसतो म्हणून चौथे पोते टाकू नका.

आता माव्याला खाणारे. लोकरीतच बारीक जाळी आणि त्याखाली हिरवट-करडी अळी दिसली, तर ती डिफा या मित्रकीटक पतंगाची. मायक्रोमस हा दुसरा मित्रकीटक; त्याची अळी आणि प्रौढ दोन्ही मावा खातात. हे दिसत असतील तर फवारणी थांबवा. पुरुषभर उंचीच्या उसात औषध पानाच्या मागे नीट पोचत नाही, मेणचट लोकरीवरून ओघळते. उघड्यावर फिरणारे मित्रकीटक मात्र आधी मरतात. मग उरलेल्या माव्याला रान मोकळे.

मित्रकीटक नसतील तर एकरी 400 डिफा किंवा 1000 मायक्रोमस अळ्या सोडाव्यात. अळ्या असलेले पानाचे तुकडे मावा असलेल्या पानांना सकाळी किंवा संध्याकाळी टाचावेत, सगळ्या रानात सारखे वाटू नयेत. पुढचे 3-4 आठवडे कीटकनाशक नको. दुसऱ्याच्या फडातून डिफाची पाने आणायची तर ती मावा लागलेल्याच रानात न्या, कारण पानासोबत मावाही येतो. नितळ फडात असली पाने नेणे म्हणजे विकतचे दुखणे.

थोडा मावा उरला तर घाबरू नका. तो साफ संपला तर डिफाही उपाशी मरतो, आणि पुढच्या लाटेला राखणदार नसतो. बांधाला चवळीची ओळ असावी. तिच्यावरचा काळा मावा उसाला लागत नाही, पण मावा खाणारे ढालकिडे त्यावर तग धरतात.

तोड सुरू झाली की मावा लागलेल्या फडातले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांसाठी दुसऱ्या गावाला पाठवू नका. त्याच शिवारात खपवा.