घाटात धावायचे बूट: माप उतारावर कळतं

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढला की तोच उतरून यावं लागतं, आणि बूट चुकला असेल तर ते उतरतानाच कळतं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटतात. हिल मॅरेथॉननंतर अंगठ्याचं नख काळं पडतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, लांब धावल्यावरही फुगतो. धावताना घालता तेच मोजे न्या. त्याआधी घरी टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्याचं माप धरा. बूट घालून उभं राहिल्यावर त्या बोटापुढे १ ते १.५ सेंमी जागा हवी. यूके मापात अर्धा नंबर म्हणजे साधारण ४ मिमी, त्यामुळे ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा-एक नंबर वाढला तर बिचकू नका.

रुंदीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आतली इनसोल काढून तिच्यावर उभे राहा. करंगळीची बाजू बाहेर आली तर बूट अरुंद आहे. नंबर वाढवून हे भागत नाही, कारण मग टाच सुटते. त्याच मॉडेलचा रुंद, म्हणजे पुरुषांच्या मापात २ई, बूट मागा. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य, पण जाळीचा बूट चामड्यासारखा सैलावत नाही.

मग नाडी. घोट्याजवळ एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवा. दोन्ही बाजूंना असे फास झाले की प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढा, खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे बसते, पाय पुढे घसरत नाही. आता दुकानाच्या जिन्यावरून भराभर उतरून पाहा. बोट टेकलं तर तो बूट घेऊ नका, कितीही आवडला तरी.

टिकाऊपणा तळव्यात दिसतो. टाचेच्या बाहेरच्या कडेला कडक काळं कार्बन रबर हवं; बहुतेकांचा बूट तिथेच आधी झिजतो. तिथे नुसता फोम उघडा असेल तर डांबर तो लवकर खातं. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटांसाठी ३-४ मिमीच्या खोल खाचा चांगल्या, पण त्याच बुटाने रोज डांबरावर धावलात तर त्या झपाट्याने झिजतात. रोजच्या सरावाला कार्बन प्लेटचा, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला, शर्यतीचा बूट घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

साधारण आयुष्य ५०० ते ८०० किमी. आठवड्याला ४० किमी धावणाऱ्याला तीन ते पाच महिने पुरतो. खरेदीची तारीख बुटाच्या जिभेच्या आत पेनने लिहून ठेवा. रबर शाबूत असूनही फोमच्या बाजूला पडलेल्या सुरकुत्या जात नसतील आणि धावल्यावर नडग्या किंवा गुडघे दुखू लागले असतील, तर फोम बसला आहे. त्याला इलाज नाही. पुढून सोल सुटला असेल तर मात्र मोची रबर सोल्यूशनने चिकटवून देतो.

पावसाळ्यात बूट ओला झाला की घरी आल्या आल्या नाड्या आणि इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोनेक तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. हीटर, चूल, कडक ऊन नको. डिंक सुटतो, फोम आकसतो.

सेलमधला बूट घेताना खोक्यावरचा निर्मितीचा महिना-वर्ष वाचा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेल्या बुटाचा डिंक सुकलेला असू शकतो. चवड्यापाशी वाकवून सोलच्या सांध्यात फट दिसते का ते तिथेच बघा.